मावशींच्या वाट्या आणि सुनेची कोंबडी

आमच्या मजल्यावर दोनच दारं आहेत, एक आमचं आणि समोरचं वाटीमावशींचं. हे नाव त्यांना कुणी दिलं ते सांगता येणार नाही, पण का दिलं ते त्यांच्या स्वयंपाकघरात एकदा डोकावलं की कळतं. ताटं जेमतेम सहा. वाट्या मात्र मांडणीच्या सगळ्या फळ्यांवर एकात एक घालून रचलेल्या. स्टीलच्या, काचेच्या, चिनी मातीच्या, आणि मध्येच एखादी अशी, जी पूर्वाश्रमीचा कप होती आणि कान तुटल्यावर वाटी झाली.

मावशी दिवसभर चार मुलं सांभाळतात. आईबाप कामावर जाताना सोडतात, येताना घेऊन जातात. माझी मुलगी त्यांतली सगळ्यात लहान, तीन वर्षांची. मावशी तिला ढमी म्हणतात. ती इतकी किडकिडीत आहे की पहिल्यांदा हे नाव ऐकलं तेव्हा मला टोचलं होतं. मावशी म्हणाल्या, हाक मारत राहायची, कधीतरी अंगी लागतं. बाकीचे म्हणजे तळमजल्यावरच्या शिंप्याचे जुळे आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचा मुलगा. या शेवटच्याला सगळे हवालदार म्हणतात. कुणी काय सांडलं, कुणी कुणाला चिमटा काढला, कोण खोटं रडतंय, याची वर्दी तो कुणी न विचारता देत असतो.

ढमीचं खाणं हा माझ्या आयुष्यातला मुख्य विषय आहे. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर सगळ्या गावाच्या पोटात काय जातंय याची काळजी करायची आणि घरी येऊन हिच्या पोटात काय गेलं नाही याची. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, हत्तीचा, घोड्याचा, खिडकीत बसणाऱ्या मांजराचा झाला. सगळी जनावरं जेवून उठली, ही उपाशीच. ताट पुढे आलं की ओठ असे मिटते, आतून कडी घातल्यासारखे. नवरा म्हणतो, भूक लागली की खाईल. हे वाक्य जगातल्या सगळ्या बापांना एकाच ठिकाणी शिकवून पाठवत असावेत.

मावशींकडे मात्र ती खाते. दुपारी खिडकीखालच्या बुटक्या बाकावर चौघं ओळीने बसतात. मावशी प्रत्येकापुढे एक वाटी ठेवतात, त्यात दोन चमचे मटार. बाकी काही नाही. त्या "खा" म्हणत नाहीत, बघतसुद्धा नाहीत, ओट्याकडे तोंड करून काहीतरी चिरत असतात. वाटी रिकामी वाजली की दुसरी येते, त्यात लोणी घालून घोटलेला बटाटा. मग भाजलेल्या भोपळ्याच्या दोन फोडी. मग सफरचंद, थोडी दालचिनी घालून मऊ शिजवलेलं. पोरं उठतात तेव्हा पोटभर जेवलेली असतात, पण आपण जेवलो हे त्यांच्या लक्षात आलेलं नसतं.

"ताट बघूनच पोरं दमतात गं," मावशी मला म्हणाल्या होत्या. "डोंगर चढ म्हटल्यासारखं होतं त्यांना. वाटी म्हणजे एक पायरी."

वाट्यांची ही सवय त्यांना कामातून लागली. मुलं सांभाळायच्या आधी त्यांची उमेदीची सगळी वर्षं एका समारंभाच्या हॉलच्या स्वयंपाकघरात गेली. तिथे मधल्या मोठ्या भट्ट्यांवर मुख्य आचारी आणि त्याची माणसं. त्याला सगळे साहेब म्हणायचे. भिंतीलगतच्या लांब टेबलावर मावशी आणि आणखी दोघी. या टेबलाचं काम तोंडीलावणी. काकडी, गाजर, बीट, कोबी, बटाटे, सगळं चिरायचं, किसायचं, वाफवायचं, छोट्या वाट्यांत भरायचं आणि पाहुणे बसले की आधी हे पाठवायचं. मधल्या भट्टीला हात लावायची परवानगी नाही. इतक्या वर्षांत मावशींनी मुख्य पदार्थ एकदाही केला नाही, नुसता वास घेतला.

त्या टेबलाचा एकच नियम होता. तोंडीलावण्याने भूक जागी राहिली पाहिजे, झोपता कामा नये. आंबट, थंड, कुरकुरीत असलं की भूक जागी राहते. लोणी, बटाटा, भोपळा असलं की ती पाय पसरून झोपते. मावशींना हे नवीन असताना ठाऊक नव्हतं. एकदा त्यांनी बटाट्यात हात सैल सोडून लोणी घातलं, पाहुण्यांनी वाट्या दोनदा तीनदा मागून घेतल्या आणि साहेबाची परातच्या परात जशीच्या तशी परत आली. सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, बाई, तू तोंडी लावायला आहेस, पोट भरायला नाहीस. हे सांगताना मावशी इतक्या हसतात की डोळे पुसावे लागतात. मला त्यात हसण्यासारखं फारसं दिसलं नाही, पण त्या हसतात म्हणून मीही हसते.

घरीही त्यांची हीच वाटणी होती. मावशींचे यजमान ट्रक चालवायचे. वर्षातले बरेच दिवस बाहेर, पण वर्षाच्या मोठ्या सुट्टीला, जेव्हा सगळी दुकानं, शाळा, कचेऱ्या बंद असतात, तेव्हा मात्र घरी. त्या दिवशीचा मुख्य पदार्थ तेच करायचे. आख्खी कोंबडी, पोटात तांदूळ आणि बेदाणे भरून, जाड बुडाच्या पातेल्यात झाकण दाबून बसवलेली. कुठल्यातरी रस्त्यावर कुठल्यातरी ढाबेवाल्याकडून शिकले होते. शेगडीची उजवी बाजू त्यांची, डावी मावशींची. कोंबडी ते करायचे, वाट्या या.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतरच्या दोन्ही सुट्ट्यांना मावशींनी नुसत्या वाट्या मांडल्या. मुलगा वायरमन आहे, अबोल आहे. तोही त्या वाट्यांतलं खाऊन उठला, आणि मधली जागा रिकामी आहे असं दोघांपैकी कुणीच म्हटलं नाही.

मग मुलाचं लग्न झालं आणि घरात सून आली. सून गाडी शिकवते. म्हणजे दिवसभर अशा माणसांच्या शेजारी बसते जी कुठल्याही क्षणी खांबावर गाडी घालतील, आणि आवाज न चढवता म्हणते, आता हळूच ब्रेक. त्यामुळे घरातही तिचा पारा कधी चढत नाही. मावशींना आधी हे पचलं नव्हतं. मला म्हणायच्या, भांडतच नाही गं, कसं व्हायचं हिचं.

सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात सून म्हणाली, यंदा ती कोंबडी मी करू का?

मावशींनी स्टूल घेतलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी त्यावर चढायला लागल्या. वायरमनने धावत येऊन त्यांना खाली उतरवलं आणि स्वतः चढून माळ्यावरचं ते पातेलं काढलं. ते घेऊन मावशी माझ्याकडे आल्या, घासायला तारेची घासणी मागायला. घासणी त्यांच्याकडेही होती, मला ठाऊक आहे.

बराच वेळ माझ्याच ओट्याशी उभ्या राहून पातेलं घासलं. मग म्हणाल्या, "हे रिकामं व्हायला हवं गं त्या दिवशी. पहिल्यांदा करतेय पोरगी. उरलं तर ती पुन्हा हात लावायची नाही, आणि मीही तिला कर म्हणायची नाही. मग संपलंच."

कसं करायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. सुनेने मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मी कधी त्या बाजूला वळून बघितलं नाही. वायरमनला आठवत होतं ते एवढंच की आत तांदूळ असायचे, बेदाणे असायचे आणि बाबा भरताना शीळ घालायचे. सून म्हणाली, शीळ मला येत नाही, बाकी बघते.

सुट्टीच्या दिवशीही पाणी तपासावंच लागतं. मी सकाळची पाळी करून परतले तेव्हा जिन्यातच वास आला आणि माझे पाय आपोआप भराभर उचलले गेले. मावशींनी आम्हाला तिघांनाही जेवायला बोलावलं होतं. नर्सबाईंची पाळी संध्याकाळपर्यंत होती, म्हणून हवालदार तिथेच. शिंपी नवराबायको सुट्टीच्या आदल्या पहाटेपर्यंत लोकांचे कपडे शिवून आता मेल्यासारखे झोपले होते, म्हणून जुळेही तिथेच.

टेबलाच्या मधोमध पातेल्यासाठी जागा सोडली होती आणि भोवती वाट्याच वाट्या. दह्यातली काकडी, लिंबू पिळलेलं गाजर, बीट, लसणावर परतलेली फरसबी, मटार. ही तोंडीलावणी मोठ्यांसाठी, नियमाने, भूक जागी ठेवणारी. आणि ओट्यावर मुलांसाठी वेगळी तीन पातेली. घोटलेला बटाटा, भोपळा आणि सफरचंद.

शेगडीपाशी सून झाकण उचलून आत सुरी खुपसून बघत होती. वरून कोंबडी छान लालसर झाली होती, पण आतला तांदूळ कच्चा. तिने हौसेने पोट गच्च भरलं होतं, तांदळाला फुगायला जागाच नव्हती. वायरमन मागे उभा राहून आच वाढव म्हणत होता. ती म्हणाली, चढ आहे, पहिल्या गिअरमध्येच जाणार, तू मागच्या सीटवर बस. थोडा तांदूळ काढून पातेल्यात सोडला, पाणी शिंपडलं आणि झाकण पुन्हा दाबलं.

म्हणजे जेवणाला उशीर. पण मुलांच्या पोटाला उशीर म्हणजे काय ते कळत नाही. नेहमीची वेळ झाली तशी चौघं जाऊन बाकावर बसली. जुळे वाट्या वाजवायला लागले. मावशी म्हणाल्या, थोडा आधार देते, तेवढ्यात होईलच. आणि त्यांनी प्रत्येकाला दोन चमचे काकडी दिली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण काकडी संपली, वाटी रिकामी वाजली आणि मावशींचा हात आपोआप बटाट्याच्या पातेल्यात गेला. रोजचंच वळण. ढमीने बटाटा खाल्ला आणि म्हणाली, आणखी. आता "आणखी" हा शब्द माझ्या घरात वर्षातून एखाद्या वेळी ऐकू येतो. मी स्वतः उठून पातेलं तिच्याजवळ नेलं. मग भोपळा. मग पुन्हा बटाटा. मुलं खातायत म्हणताना मोठेही तिथेच घुटमळायला लागले. माझ्या नवऱ्याने नुसती चव म्हणून एक वाटी घेतली, मग त्या चवीची खात्री म्हणून दुसरी. वायरमन उभ्या उभ्या बटाट्याच्या पातेल्याच्या कडा बोटाने निपटत होता. मीही काही मागे नव्हते. पाळीवरून आलेली, पोटात कावळे ओरडत होते. रिकामी वाटी दिसली की मावशी भरत होत्या. कुणाची, कितव्यांदा, हे त्यांनी बघितलं नाही. सफरचंदाचं पातेलं तर मुलांच्या आधी मोठ्यांनीच संपवलं.

आणि मग सून म्हणाली, झाली.

तिने पातेलं दोन्ही हातांनी उचलून टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि झाकण काढलं. कोंबडी सुरेख झाली होती. पोटातून तांदूळ मोकळा होऊन बाहेर ओघळला होता, बेदाणे टम्म फुगले होते. आम्ही सगळे वा म्हणालो. पण ते वा जरा दमलेलं होतं, आणि कुणीच खुर्ची पुढे ओढली नाही. एक जुळा बाकावरच आडवा झाला होता.

हवालदाराने वर्दी दिली. "माझं पोट भरलं. या दोघांचं पण भरलं. ढमीचं पण. काकांनी पट्टा सैल केला."

सुनेने टेबलावरच्या, बाकावरच्या, माझ्या नवऱ्याच्या हातातल्या वाट्यांकडे बघितलं. थोडं हसली. "असू दे की," म्हणाली. "संध्याकाळी खाऊ." झाकण ठेवलं, हात धुवायला आत गेली. आतला नळ बराच वेळ वाहत राहिला.

वायरमन आईकडे बघत होता. माझा नवरा खाली मान घालून पट्टा पुन्हा आवळत होता. मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या, हातात डाव आणि डावाला बटाटा. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं त्या आता रडतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब असता तर आज मला हाकलून दिलं असतं. आणि बरोबर केलं असतं."

मी समजूत घालायला गेले की मुलांना भूक लागली होती, उशीर झाला, तुम्ही तरी काय करणार. त्यांनी डाव माझ्या हातात दिला. म्हणाल्या, इतकी वर्षं पोरांना वाट्यांनी पोटभर जेवू घालतेय, त्यात मूळ काम विसरले बघ. तोंडीलावणं म्हणजे काय तेच विसरले. मग पदर खोचला आणि त्यांच्या अंगात कोण संचारलं कोण जाणे. आधी सगळ्या वाट्या गोळा केल्या. भरलेल्या झाकून आत, रिकाम्या मोरीत. माझ्या नवऱ्याच्या हातातली वाटी काढून घेताना म्हणाल्या, जावईबापू, सुटा आता. हॉलमध्ये जेवण मागेपुढे झालं की असंच करायचे म्हणे. टेबल साफ मोकळं करायचं, डोळ्यांसमोर काही ठेवायचं नाही, पाहुण्यांना बागेत फिरायला पाठवायचं. भूक परत येते, फक्त तिला रस्ता मोकळा मिळाला पाहिजे.

त्यांनी आतल्या दारावर टकटक केली. "अगं, गाडीची किल्ली घे नि खाली चल. पोरं तुझी गाडी धुणार आहेत."

सून बाहेर आली. डोळे धुतलेले होते, पण आवाज नेहमीचाच. म्हणाली, "आई, गाडी कालच धुतलीय."

"मग परत मळव," मावशी म्हणाल्या.

इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत तिची शिकवायची गाडी उभी असते. वायरमनने पाण्याची नळी जोडली. जुळ्यांनी गाडी कमी आणि एकमेकांना जास्त धुतलं. हवालदार टपावर कुठे डाग राहिलाय ते सांगत गाडीभोवती पळत होता. ढमी चाकं पुसत होती, चारही, आणि चौथं झालं की पहिलं पुन्हा मळलेलं असायचं. मग सुनेने एकेकाला मांडीवर बसवून स्टिअरिंग हातात दिलं आणि आम्हा मोठ्यांना गाडी बंदच ठेवून ढकलायला लावली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. माझा नवरा घामाघूम झाला. सून आतून सांगत होती, मागे वळून बघू नका, जोर सारखा ठेवा. तिला हसू यायला लागलं होतं. मावशी पायरीवर बसून राखण करत होत्या. त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत चहा नाही, बिस्किट नाही, कुणाच्या खिशात गोळी असली तर आत्ताच काढून द्या. एका जुळ्याने खरंच काढून दिली.

खरी पंचाईत माझी झाली. ऊन उतरायला लागलं तशी ढमी ओली, मळलेली माझ्याकडे आली आणि म्हणाली, दूध. जी पोर स्वतःहून काही मागत नाही ती मागत होती. मी तिला उचलली आणि जिन्याकडे निघाले. मावशी पायरीवरच बसलेल्या.

"तेवढा आजचा दिवस थांबशील का?" त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, मावशी, हिचं तुम्हाला ठाऊक आहे. एकदा वेळ टळली की ही मग काहीच खात नाही. रात्री उपाशी झोपली तर मला झोप नाही.

"ठाऊक आहे. मी अडवत नाही. लेकरू तुझं, तू ठरव." त्या थोड्या सरकल्या, मला वाट दिली. "पण दूध प्यायली की तिचं झालं बघ. मग तिच्यापुरतं ते पातेलं भरलेलंच राहिलं."

"आणि दूधही नाही नि जेवणही नाही, असं झालं तर?"

"तर माझ्या नावाने बोटं मोड," मावशी म्हणाल्या. "मोठ्याने मोड, मला भिंतीपलीकडे ऐकू येईल अशी."

मी तिथेच थांबले. माझ्या खांद्यावर ढमी, समोर मैदानात सून. ती माझ्याकडे बघत नव्हती, जुळ्यांचे केस पुसत होती. मी ढमीला पाणी दिलं. ती रडली. मीही आतून रडलेच, पण पाणीच दिलं.

दिवे लागले आणि नर्सबाई पाळीवरून परतल्या. वर येऊन गणवेशातच खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, दुपारपासून नुसत्या चहावर आहे, काय असेल ते द्या. ते ऐकून मावशींना इतका आनंद झाला की जणू लॉटरी लागली.

टेबलावर एकही वाटी नव्हती. मावशींच्या घरात असं टेबल मी कधी बघितलं नव्हतं, ओळखीच्या माणसाने मिशी काढल्यासारखं वाटत होतं. मधोमध पातेलं, आणि भोवती ताटं, त्यातली निम्मी आमच्याकडची. सुनेने कोंबडी मंद आचेवर हळूहळू गरम केली होती. झाकण उचललं तशी वाफ वर गेली. ओले कपडे बदललेली, मोठ्यांचे सदरे चढवलेली चारही पोरं त्या पातेल्याकडे बघत होती. माझ्या नवऱ्याने आवंढा गिळला तो मला ऐकू आला.

मग सगळे तुटून पडले. तळाशी तांदळाची खमंग, सोनेरी खरवड झाली होती, तिच्यावरून जुळ्यांची जुंपली. नर्सबाईंनी एक तंगडी संपवून न विचारता दुसरी घेतली. वायरमन ताटाकडे बघत खात होता, भराभर. मध्ये एकदा थांबला, बायकोकडे बघितलं आणि पुन्हा खायला लागला. त्याच्याकडून एवढं खूप होतं.

ढमीपुढे ताट आलं आणि तिने ओठ मिटले. मावशींचा हात मांडणीकडे गेला, वाटीकडे. तो तिथेच थांबला आणि परत आला. त्यांनी सुनेकडे बघितलं. सुनेने ढमीला उचलून आपल्या शेजारी उभी केली, लांब दांड्याचा चमचा तिच्या हातात दिला आणि कोंबडीचं उघडं पोट तिच्यासमोर धरलं. म्हणाली, ही गुहा आहे, आत बेदाणे लपलेत, बाहेर काढून दाखव. ढमीने चमचा आत घातला. एक बेदाणा काढला, खाल्ला. त्याच्याबरोबर चिकटून आलेला तांदूळही खाल्ला. मग गुहा पोखरायचा तिने असा सपाटा लावला की नर्सबाईंना आपलं ताट बाजूला सरकवावं लागलं. कोंबडी मात्र तिने एकच तुकडा तोंडात घेतला आणि तो कितीतरी वेळ गालात ठेवला. मी पुढे वाकून ताटात काय उरलंय ते बघणार होते. नवऱ्याने टेबलाखालून माझा हात धरला. मग नाही बघितलं.

मावशी ओट्यापाशी उभ्या होत्या. सुट्टीच्या दिवशी त्या कधीच बसून जेवायच्या नाहीत. सगळ्यांचं झालं की वाट्यांत जे उरेल ते उभ्याने खायच्या, हॉलमधली सवय. वायरमनने खुर्ची ओढली, त्यांचा दंड धरला आणि त्यांना बसवलं. सुनेने ताट वाढलं. छातीचा मऊ भाग, गुहेतला उरलेला तांदूळ, थोडी खरवड. ताट ठेवताना तिला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "आई, बाजूला काही देऊ? काकडी झाकून ठेवलीय तुम्ही, गाजर पण आहे."

"नको," मावशी म्हणाल्या. "नुसतंच दे."

त्या सावकाश जेवल्या. आम्ही सगळे आपलं लक्ष नाही असं दाखवत बघत होतो. चारपाच घासांनंतर त्यांनी हात थांबवला. म्हणाल्या, "त्यांच्यासारखी नाही झाली."

वायरमनने मान खाली घातली. सून चमचा हातात धरून उभीच राहिली, गाडी खांबाच्या दिशेने निघाल्यावर राहत असेल तशी, शांत.

"त्यांची दर वर्षी खालून करपायची," मावशी म्हणाल्या. "दर वर्षी. आणि मी दर वर्षी चांगली झालीय म्हणायचे. ही करपली नाही."

सून हसली, दुपारसारखं नाही, तोंड भरून. म्हणाली, पुढच्या वर्षी करपवून बघते, तुम्हाला आवडत असेल तर.

"काही नको," मावशी म्हणाल्या आणि ताट पुढे सरकवलं. "वाढ."